मोटारीभोवती बाभळीचे काटे

२२ फेब्रुवारी १९५३, रवि. आर्वी.
बाजारात मोटार उभी करून पान खायला वळलो, तेवढ्यात कोणीतरी टपाचं कापड वस्तऱ्यानं टराटरा फाडलं. सीटच्या कातड्यावरही एक घाव. सबंध आर्वीत उघडायच्या टपाची ही एकच मोटार. करणारा सापडता तर तिथंच आडवा केला असता. अजून कानशिलं तापलेली आहेत.

शेषरावच. त्याच्या शेताचा दावा मी माझ्या पक्षकाराला जिंकून दिला, त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर म्हणाला होता, "वकीलसाहेब, टप मोठा नाजूक दिसून राह्यला."

२४ फेब्रु., मंगळ.
दारात उभ्या मोटारीचा भोंगा कोणीतरी चोरला. आता चाक साखळीनं कडुनिंबाला बांधलं, किल्ली कमरेला. कडब्याच्या गंजीला घालतात तसं सभोवती वाळल्या बाभळीच्या काट्यांचं कुंपण. मोटार सुरू करायचं लोखंडी हँडल काढून घेतलं, जाईन तिथं सोबत नेतो.

सौ. म्हणाली, "होळी तोंडावर आली. काटे पळवतील लोक."

"हात तर लावू दे, तंगड्या मोडतो."

२६, गुरु.
गवळ्याची म्हैस कुंपणात घुसली. हँडलनं हाणली. गवळी म्हणाला, "मुक्या जनावराले काऊन मारता, साहेब?" त्यालाही एक ठेवून दिली. बरं वाटलं, खोटं काऊन लिहू.

१ मार्च, रवि.
काल होळी पेटली, नारळ टाकला. सौ. घरच्या चुलीसाठी घमेल्यात होळीचा विस्तव घेऊन पुढं गेली. मी गप्पा मारत मागं राहिलो. घराच्या वळणावर आलो तर कुंपण धडधडा पेटलेलं, टप जळतोय, आणि मोटारीपाशी शेषराव. हातात घोंगडी. ते मला दिसलं, पण

पहिला घाव खांद्यावर. दुसरा डोक्यावर. पडला तरी थांबलो नाही. लोकांनी ओढलं तेव्हा हँडलला केस चिकटलेले होते. आज सगळीकडं धुळवड, आमच्या गल्लीत कोणी रंग खेळलं नाही.

२, सोम.
शेषराव वर्ध्याच्या दवाखान्यात. कानातून रक्त, शुद्ध नाही. त्याची म्हातारी दारात येऊन बसली. "काऊन मारलं माह्या पोराले? आग इझवाले गेलता तो." जमादारांनी तिला उठवलं. मी त्यांना सांगितलं, आग लावताना पकडला. त्यांनी लिहून घेतलं.

जमादार गेल्यावर सौ. माजघरातून बाहेर आली. म्हणाली, "विस्तव माझ्या घमेल्यातून सांडला. काटे भडकले. शेषरावानं आधी मला बाजूला ओढलं, मग मोटारीकडं धावला. साखळी ओढत होता, सुटेना." पदर जळलेला दाखवला.

पहिल्यांदा वाटलं, हिलाही हाणावं. मग खाली बसलो.

३, मंगळ.
शेषराव तसाच. मेला तर खून. टप कोणी कापला, भोंगा कोणी नेला, काहीच ठाऊक नाही मला.

उद्या जमादार सौ.चा जबाब घ्यायला येणार. काय सांगायचं ते मी तिला समजावलं. आग त्यानंच लावली, तू पाहिलंस. ती चूल सारवत होती, वर पाहिलं नाही. पुन्हा सांगितलं. आवाज चढला माझा. शेवटी हात जोडले, लग्नानंतर पहिल्यांदाच.

विचारलं, "काय सांगशील?"

म्हणाली, "दवाखान्यात जाऊन येते आधी. मग सांगते."

चपला घालून निघाली. म्हातारी फाटकाबाहेर उभीच होती. दोघी स्टँडकडं गेल्या.