खाडीच्या तोंडाशी

आडगाव नाका, नाशिक
२० नोव्हेंबर २००७

प्रिय अहो,

‘प्रिय’च्या पुढे काय लिहायचं यावर बराच वेळ पेन अडलं. तुम्हाला पत्र लिहायची वेळ आजवर आली नाही आणि नावाने हाक मी कधी मारली नाही. फोन आहे, पण फोनवर तुम्हाला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. रविवारी मी विचारलं, निघायचं कधी? तुम्ही म्हणालात, हो, जेवलो. मी ओरडून पुन्हा विचारलं, तर शेजारच्या नवसाबाई काय झालं म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे तुम्ही सांगितलंत की होडीच्या चार्जरचा एक भाग मुंबईहून यायचाय, तर आता संक्रांत झाली की निघू. म्हणून हे लिहितेय. कागदावरचं ऐकू आलं नाही असं कुणाला म्हणता येत नाही.

आधी गणपती होते, मग दसरा, मग दिवाळी, आता संक्रांत. आपलं शीड वाऱ्यावर चालतं की पंचांगावर, हेच मला कळेनासं झालंय.

अंजली दहावीत होती तेव्हा कारखान्याने तुम्हाला कामासाठी कोचीला पाठवलं होतं. तिथे तुम्ही एक परदेशी म्हातारं जोडपं पाहिलंत, शिडाच्या होडीतच राहणारं. बाई दोरीवर टॉवेल वाळत घालत होती आणि तिचा नवरा कांदा चिरत बसला होता. घरी येऊन बूट काढायच्या आत तुम्ही म्हणालात, रिटायर झालो की आपण असंच राहायचं, आणि होडीला इंजिन नाही लावायचं, बॅटरीवरची मोटर लावायची. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, बरं, हात धुऊन घ्या. मला वाटलं, आठवडाभरात उतरेल.

इंजिन का नको, हे मला विचारावं लागलं नाही. ओझरला विमानांची इंजिनं तपासण्यात तुमची सगळी नोकरी गेली आणि कानात कायमची शिटी बसली. घर शांत झालं की ती जास्तच वाजते, म्हणून तुम्ही पहाटेपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. मिक्सरच्या आवाजाने तर कपाळ धरून बसायचात. मी चटणी पाट्यावर वाटली, दाण्याचं कूट खलबत्त्यात केलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण झोपायच्या खोलीत पलंगाखाली बॅटऱ्या? माझ्या चांगल्या साड्यांना ॲसिडची भोकं पडली, आणि तुम्ही मला समजावलंत की पाण्यात याच बॅटऱ्यांच्या वजनाने होडी सरळ उभी राहणार आहे. भंगारातून आणलेली फोर्कलिफ्टची मोटर बाल्कनीत तुळशीशेजारी होती, तिच्यावर मी ओले कपडे वाळवलेत. निफाडला मल्हारीभावजींच्या द्राक्षाच्या शेडमध्ये होडी एवढी वाढली की हंगामात बिचाऱ्यांना माल बाहेर ताडपत्रीखाली भरावा लागायचा. द्राक्षं खुडायला आलेल्या बाया विचारायच्या, समुद्र कुठं हाय वो इथं? मी काय सांगणार होते?

आणि कारणं तरी किती. अंजलीचं लग्न होऊ दे. माझी पेन्शन सुरू होऊ दे. तू रिटायर हो. मे महिन्यात शाळेने मला नारळ दिला, तेव्हा मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, आता पावसाळा आलाच.

शेवटी गणपती झाल्यावर होडी ट्रेलरवर चढली, कसाऱ्याच्या घाटात तिने सगळी वाहतूक अडवली आणि दिघीच्या खाडीत एकदाची पाण्याला लागली. त्या दिवशी मीही होते. तुम्ही मोटर चालू केलीत आणि मला कळलंच नाही, धक्का आपोआप मागे सरकतोय असं वाटलं. खाली नुसतं पाणी चुळबुळत होतं. सुकाणू आपल्या सोबत आलेल्या फकिराकडे देऊन तुम्ही डोळे मिटून बसलात आणि म्हणालात, ज्योत्स्ना, शिटी ऐकू येत नाही. इतके शांत बसलेले तुम्ही मला आठवत नाही.

मग खाडीचं तोंड आलं. पुढे समुद्र दिसायला लागला, पहिल्या मोठ्या लाटेने होडी उचलली, आणि तुम्ही सुकाणू घेऊन होडी वळवलीत. म्हणालात, बॅटरी उतरली. अहो, मीटर कसा वाचायचा ते तुम्हीच मला शिकवलंय. बॅटरी भरलेली होती. फकिरा तुमच्याकडे बघत राहिला, मी पाण्याकडे. परत आल्यावर तुम्ही फळीवर आडवे झालात आणि भर उन्हात गाढ झोपलात, घोरलातसुद्धा. तुम्हाला उठवायचा मला धीर होईना. मी नाशिकला परतले, तुम्ही तिथे होडीवरच राहिलात.

काल मल्हारीभावजी आले होते. चहा घेतला, पण कप खाली ठेवेनात. मग म्हणाले, “वहिनी, रागावू नका. तुम्ही रावजीला एकदा नाय म्हणून टाका. लय गुंतलाय तो. तुमच्या नाय म्हणण्याचीच वाट बघतोय, मला बोललाय तसं.” अंजलीचाही रात्री फोन, आई, तूच थांबव ना त्यांना. म्हणजे सगळ्यांनी मिळून नकार माझ्या दारात आणून ठेवलाय, मी फक्त उचलायचा.

मला आधी राग आला. नंतर एकेक आठवत गेलं. जेवताना तुम्ही विचारायचात, तुला चालेल ना? मी हो म्हटलं की तुमचा घास हातातच राहायचा. मला वाटायचं, किती काळजी हा माणूस माझी करतो. तुम्हाला नकार हवा होता. मग जन्मभर सांगता आलं असतं, होडी तयार होती हो, पण ही नाही म्हणाली. विहारात, लग्नात, मल्हारीभावजींच्या ओट्यावर बसून सांगितलं असतंत, आणि लोकांनी माझ्याकडे बघून मान हलवली असती. संसारात तुमचं बरंच काही मी सांभाळलं. हे सांभाळणार नाही.

तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की तुला जायचंय का. चालेल का, एवढंच विचारलंत. जायचंय मला. गेल्या उन्हाळ्यापासून सकाळी मैत्रिणीकडे जाते म्हणून निघत होते ना, ती पालिकेच्या तलावावर बायकांच्या वेळेत जात होते. पहिले काही दिवस काठ सोडला नाही. शिकवणारी पोर माझ्याच शाळेतली निघाली. म्हणायची, बाई, आता तुम्ही घाबरायचं नाही, तुम्ही आम्हाला कुठे पाढ्यांना घाबरू दिलंत. आता मला पोहता येतं. चांगलं नाही, पण येतं.

तर हे पत्र यासाठी. एक तारखेपासून घर एका नर्सबाईंना भाड्याने दिलंय. भांडी अंजलीकडे गेली, तुळस नवसाबाईंकडे. मी तीस तारखेला, शुक्रवारी, माणगावला उतरून पुढची एसटी धरते. धक्क्यावर आल्यावर ‘मला भीती वाटते’ एवढं तुमच्या तोंडून निघालं, तर होडी धक्क्यालाच बांधून राहू. मला काही कमी वाटणार नाही, झोप तर तिथेही लागते तुम्हाला. नाही निघालं, तर नांगर उचलू. भीती मलाही वाटते, लपवत नाही. पण नाही म्हणायचं असेल तर तुमचं तुम्ही म्हणा, माझ्या नावावर नको. फोन करू नका. संध्याकाळी धक्क्यावर या, पिशव्या जड आहेत.

तुमचीच,
ज्योत्स्ना