शनिवारची सही

४ मार्च, सोमवार

मला सुपरवायझर करतायत! मला!

मॅनेजरबाईंनी आत बोलावलं तेव्हा वाटलं, परवाच्या नर्सच्या गणवेशांची काजं चुकली त्यावरून झाडणार. तर म्हणाल्या, "सुपरवायझर काका महिनाअखेर निवृत्त होतायत. मजला तुम्ही सांभाळा. कटिंग, शिलाई, चेकिंग, सगळं." मी विचारलं, कटिंगसुद्धा? "मजल्यात कटिंग येत नाही का?"

येतं ना. आणि कटिंगचा मास्तर कोण, तर आमचे हे! घरी माझं मस्तक, इथे माझ्या हाताखाली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना घाम फुटेल.

उत्तर अठरा तारखेपर्यंत द्यायचंय.

५ मार्च, मंगळवार

यांना सांगितलं. आधी हसले. "म्हणजे मला रजा हवी असली तर अर्ज तुझ्याकडे?" मीही हसले. मग हे जेवायला बसले. ताट उचलताना म्हणाले, "प्रार्थना करू."

आमच्या घरात याचा अर्थ 'नाही' असा होतो.

७ मार्च, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या कोठारात, ठाणांवर बसून लिहितेय. ही वही बटणांच्या खोक्यामागे राहते. तिची एक जुळी बहीण घरी आहे — तशीच निळी, तेवढ्याच पानांची. चर्चच्या मंडळीतल्या प्रत्येक लग्न झालेल्या बाईला ती मिळते, आणि पंधरावं लागलं की मुलींनाही. आठवड्यात कुठे उलट बोलले, कुठे न विचारता गेले, मन कुठे भरकटलं, सगळं लिहायचं. शनिवारी संध्याकाळी नवऱ्याने वाचून खाली लिहायचं, 'वाचले. मान्य.' आणि सही. रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत पाळकसाहेबांच्या बायकोला दाखवायचं. तिला मी इथे गोडबाई म्हणते. रागवतानासुद्धा साखर सांडते.

एक बाई मंडळी सोडून गेली, तिची कोरी वही उरली होती. मी उचलली. चोरीच म्हणायची.

हे शनिवारी वही घेऊन आतल्या खोलीत जातात. दार लावतात. चांगला पाव तास! बाहेर मी भांडी घासत असते, घासलेलीच पुन्हा पुन्हा. गेली सोळा वर्षं. कधी ओरडले नाहीत, कधी विषय काढला नाही. नुसती सही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. निदान काय वाटलं ते कळलं असतं.

त्या वहीत मी फार चांगली बाई आहे.

९ मार्च, शनिवार

मुलगी विचारत होती, "आई, माझ्या वहीत काय लिहायचं गं? मी तर काहीच करत नाही." तिला पंधरावं लागलं. चोवीस तारखेला तिलाही वही मिळणार, सही बाबांची. मी म्हटलं, सुचेल हळूहळू. स्वतःचाच राग आला.

१० मार्च, रविवार

पाळकसाहेबांना कुणी सांगितलं देव जाणे. आजचं प्रवचन सरळ माझ्या अंगावर. बाहेरचं जग मुलींना काय शिकवतं, तर स्वतःची मालकीण हो! फोन तेच सांगतो, मालिका तेच सांगतात. मग घराला दोन डोकी फुटतात आणि पोरं कुणाकडे बघायचं ते विसरतात. सगळे 'आमेन' म्हणाले. हे हळूच म्हणाले. मीही म्हणाले! सवयच.

नंतर गोडबाईने हात हातात घेतला. "तुमच्या नवऱ्याचं नाव मंडळीच्या वडीलपदासाठी घेतलंय. ज्याला घर सांभाळता येतं त्यालाच मंडळी सांभाळता येते. तुम्ही समजूतदार आहात, बाई." तिचे हात ऊबदार असतात. हीच तर पंचाईत आहे. बाळ गेलं तेव्हा हिनेच महिनाभर येऊन माझे केस विंचरले होते. माझ्या सख्ख्या बहिणीला दोन दिवसांत कंटाळा आला होता.

वाईट माणसं असती तर केव्हाच उठून गेले असते. आणि उपासनेत अजून मीच सगळ्यात मोठ्याने गाते. देवाशी माझं भांडण नाही. मी काय मागतेय? एक टेबल, एक शिट्टी आणि चुकलेल्या कामावर 'परत शिवा' म्हणायचा हक्क.

१३ मार्च, बुधवार

आज कटिंगच्या टेबलाशी उभी राहिले. यांनी ऐंशी थर लावून पॅटर्न ठेवला होता, बाही आडवी. एवढं कापड वाया जाणार! नेहमीसारखं गोड बोलून सुचवावं म्हटलं, तर तोंडातून निघालं, "बाही फिरवा." सगळ्यांसमोर. यांनी फिरवली. कापड वाचलं.

शनिवारच्या वहीत लिहिलं — सर्वांसमोर आज्ञा केली, क्षमा असावी. कापड वाचलं, हे लिहिलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

गुदमरायला होतं.

१६ मार्च, शनिवार

दुपारनंतर कोठार झाडायला घेणार आहेत, म्हणून आज ही वही घरी न्यावी लागेल. पिशवीत, डब्याखाली.

सोमवारी नकार द्यायचा, असं ठरल्यासारखंच आहे. कुणी ठरवलं? कुणीच नाही. आमच्याकडे कुणी ठरवत नाही, नुसतं ठरतं. म्हणून एकदा लिहून ठेवते, निदान कुठेतरी असू दे: मला ती जागा हवी आहे. हवी, हवी, हवी! सोमवारी मी हो म्हणणार. आणि माझ्या मुलीला ती वही मिळू नये.

१७ मार्च, रविवार

हे मुलीला घेऊन भावाकडे गेलेत, तेवढ्यात लिहिते.

काल संध्याकाळी दूध उतू जात होतं. मागून हे म्हणाले, "वही दे गं." दोन्ही वह्या आता त्याच पिशवीत होत्या. हात घातला, दिली. पाव तासाने परत आली, ती न बघता पिशवीत टाकली. आज मागच्या खोलीत गोडबाईने उघडली आणि मला माझं अक्षर दिसलं. हवी, हवी, हवी! ही वही! वाटलं, संपलं. आता इथेच सगळ्यांसमोर वाचणार.

तिने पानाच्या तळाशी बघितलं. सही दिसली. खूण केली, हसली, वही परत दिली. "छान. पुढच्या!"

आणि सही होती! 'मुलीला ती वही मिळू नये', त्याच्या बरोबर खाली. वाचले. मान्य.

मला वाटलं, यांनी खरंच वाचलं. खरंच मान्य केलं! घरी येईपर्यंत मी जमिनीवर नव्हते. दाराशी आल्यावर हे म्हणाले, "उद्या मॅनेजरबाईंना नकार कळवशील ना? नीट आभार मानून कळव."

वाचलं नव्हतं. कालचं नाही, तर आधीचं तरी कधी वाचलं असेल? सोळा वर्षं मी कुणाला भीत होते?

१८ मार्च, सोमवार

ही शनिवारची वही आहे. हिच्यात आज पहिल्यांदा खरं लिहितेय, कारण ती दुसरी यांच्याकडे आहे.

सकाळी होकार दिला. काकांनी लगेच आपली शिट्टी माझ्या गळ्यात घातली. जेवणाच्या सुट्टीत हे कोठारात आले, लालबुंद. "मला विचारलं नाहीस?" मी सही दाखवली. यांनी वही हातात घेतली. मग ठाणावर बसले आणि म्हणाले, "मी कधीच नाही वाचली गं. एकदाही नाही. दार लावून नुसता बसायचो. तुझं मन असं उघडून बघायची लाज वाटायची. वाटायचं, तुला हे आवडतं."

मी म्हटलं, मग आता वाचा.

पहिल्या पानापासून वाचतायत. सुट्टी संपून दहा मिनिटं झाली, कटिंगचं टेबल रिकामं आहे. त्यांना उठवायचं काम आता माझं.