कोयसा कोन टाकस

मास्तर,

उडणारं सूप आणि उडणारा लोखंडी गोळा यांत नेमका फरक काय, हे मला अजून सांगता येत नाही. पुण्याला राहून मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात शाळेची पायरी चढणारी मीच पहिली. वर्षभर जळगावला नोकरी केली आणि आता धुळ्यात आपल्याच शाळेत, तुमच्याच टेबलामागे उभी राहून, मुलींना शास्त्र शिकवते. तरी हा प्रश्न मला अडतो. तुम्हाला मात्र तो कधी अडला नाही. वाचनालयाचे चिटणीस या नात्याने तुम्ही गोष्टींची दोन कपाटं केलीत, एकावर ‘शास्त्रीय’ अशी पाटी लावलीत, दुसऱ्यावर ‘अद्भुत’, आणि पहिल्याला कुलूप घातलंत. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. पाट्या तशाच आहेत आणि कुलूपही.

शनिवारी दुपारी दोन ते चार ही बायकामुलींची वेळ असे. आम्ही दहा-बाराजणी यायचो, चपला बाहेर काढून उघड्या कपाटापुढे उभ्या राहायचो आणि पऱ्या, राक्षस, बोलणारे पोपट घरी न्यायचो. बंद कपाटाकडे मी बोट दाखवलं तेव्हा तुम्ही समजावून सांगितलंत: शास्त्रीय कथा हा बुद्धीचा व्यायाम आहे, अद्भुत कथा हा मनाचा विसावा, मुलींना विसावा पुरे. त्या कपाटाची किल्ली तुम्ही जानव्याला बांधत होता. कुणा वकिलाने पुस्तक मागितलं की सदऱ्यात हात घालून ती बाहेर काढायची, कुलूप उघडायचं आणि पुन्हा आत सोडायची. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे ज्यात लिहिलं आहे ते कपाट जानव्याने उघडतं, याचं तुम्हाला कधी हसू आलं नाही. मला तेव्हा आलं नव्हतं. आता येतं.

मी सहावीत शास्त्रात पहिली आले तेव्हा बक्षीस म्हणून तुम्ही त्या कपाटातलं एक पुस्तक आठ दिवसांसाठी दिलंत. सहा सभ्य गृहस्थ आणि एक नोकर तापलेल्या पाऱ्याच्या जोरावर उडणाऱ्या लोखंडी गोळ्यात बसून चंद्रावर निघतात, अशी ती गोष्ट. माझे वडील, आबा, तेव्हा कापसाच्या जिनात बॉयलरवर आगवाला होते. दुपारी मी त्यांची भाकरी घेऊन जाते, ते घमेलं पालथं घालून त्यावर बसतात, आणि ते खात असताना मी वाचून दाखवते, हा आमचा रिवाज. पऱ्यांच्या गोष्टी त्यांनी खूप ऐकल्या होत्या. गालिचा उडाला, महाल एका रात्रीत उभा राहिला, की ते घास थांबवून एवढंच विचारायचे, “मंग कोयसा कोन टाकस?” कोळसा कोण टाकतो? मी म्हणायची, आबा, ही जादू आहे. ते म्हणायचे, बरं, आणि पुढचा घास घ्यायचे.

चंद्राचं पुस्तक मी छाती फुगवून उघडलं. ही जादू नव्हे, शास्त्र आहे, असं आधीच बजावलं. गोळा सुटला, तापमापकातले अंश मोजून झाले, गृहस्थांनी वहीत आकडे लिहिले. आबांनी सगळं ऐकलं आणि तोच प्रश्न विचारला. मी पानं मागेपुढे चाळली. पारा कशाने तापतो ते कुठेच नव्हतं. आबा म्हणाले, तो नोकर टाकत असेल. मी नोकराला शोधलं. तो पहिल्या पानावर पेट्या चढवतो आणि त्यानंतर त्याचं नावही निघत नाही. “तेले जेवाले कोन वाढस?” आबांनी विचारलं आणि हात धुऊन भट्टीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी हे तुम्हाला सांगितलं. तुम्ही खूश व्हाल असं वाटलं होतं, इतकी मी भाबडी. तुम्ही डबीतली तपकीर ओढलीत आणि म्हणालात, “तुझ्या बापाला सांग, शास्त्राला कोळसा लागत नाही, तत्त्व लागतं.” मुली हसल्या. त्या दिवसापासून मी ‘कोयसा’ झाले. मॅट्रिकपर्यंत कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. पाचव्याच दिवशी तुम्ही पुस्तक परत मागवलंत. पंचवीस पानं राहिली होती. बदल्यात मला सुपावर बसून हात वल्हवत उडणाऱ्या म्हातारीची गोष्ट दिलीत.

पुढच्या वर्षी तुम्हाला मुदतीचा ताप आला. शाळेने आम्हा चौघींना मोसंबी घेऊन पाठवलं. तुमच्या उशाशी डॉक्टरांच्या मिश्रणाची बाटली होती आणि मनगटाला काळा गंडा. दोन्ही कपाटं एकाच खाटेवर. मरणाऱ्या माणसाला मी त्याबद्दल बोल लावणार नाही. पण बाहेर उभ्या असलेल्यांना आयुष्यभर कुलूप दाखवून स्वतः मात्र दोन्हीकडची औषधं घेणं, हे तुम्हाला छान जमलं, एवढं म्हणू द्या.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या मंडळाने मला बोलावलं. पाट्या जुन्या झाल्यात, बाई शास्त्र शिकलेल्या आहेत, त्यांनी पुस्तकं नीट लावून यादी द्यावी. तुमची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी ती पदराला बांधली. मग दोन्ही कपाटं बसून वाचली. तुमच्या शास्त्रीय कपाटात अदृश्य करणारं चूर्ण आहे, मेलेल्याला उठवणारी विजेची पेटी आहे, तांबड्या ताऱ्यावरची राजकन्या आहे, आणि ती मराठी बोलते. चूर्ण साधूने दिलं असतं तर ते शेजारच्या कपाटात गेलं असतं. बूट घातलेल्या प्राध्यापकाने दिलं म्हणून ते शास्त्र. मांत्रिकाच्या डोक्यावर हॅट ठेवली की तुमचं समाधान. आणि ती सुपावरची म्हातारी? ती उडायच्या आधी दोन भाकरी खाते. नदी ओलांडताना तिचे हात भरून येतात, म्हणून तिला काठावर उतरावं लागतं. पोतं घेतलं तर सूप खाली जातं. सुपाला पंख कुठून आले ते तीही सांगत नाही, पण कोळसा कोण टाकतो ते सांगते. आबांच्या प्रश्नाला उत्तर देणारं दोन्ही कपाटांत मला हे एवढंच सापडलं.

मी मंडळाला तसं सांगितलं. अध्यक्ष वकील आहेत, गोड बोलतात. म्हणाले, “म्हणजे बाई, चंद्राचं पुस्तक आता पऱ्यांमध्ये बसवायचं?”

“बसवलं तर पऱ्यांचा अपमान होईल,” मी म्हटलं. “परी निदान स्वतःचे पंख स्वतः हलवते.”

ते खूप हसले. एकाने, बाईंना लेख लिहायला सांगा, असं सुचवलं. मग ठरलं की पाट्या नव्या रंगवाव्यात, कुलूप असावं, कारण मास्तरांची ती शिस्त होती, आणि मी पुढच्या रविवारी यादी व किल्ली आणून द्यावी. बायकांना ते कपाट बंद असल्याचं नियमांच्या पुस्तकात कुठे लिहिलंय, असं मी विचारलं. कुणालाच सापडेना. ते तुमच्या जानव्यावरच लिहिलेलं होतं.

आज तो रविवार. सभा पाच वाजता आहे. काल शनिवार होता, बायकांची वेळ. मी दोन वाजता कुलूप काढलं आणि चार वाजेपर्यंत ‘शास्त्रीय’ कपाट रिकामं केलं. प्रत्येक पुस्तक रीतसर नोंदून, सही घेऊन दिलं. तेलिणीच्या सुनेने विजेची पेटी नेली. माझ्या वर्गातल्या तिघींनी चूर्णावरून भांडण केलं. रिकाम्या फळीवर सुपावरची म्हातारी तेवढी ठेवली आहे. संध्याकाळी मंडळाने खुशाल कुलूप घालावं.

एक पुस्तक मी कुणाला दिलं नाही. माझ्या नावावर नोंदवून ते घरी आणलं आणि आज सकाळी ती पंचवीस पानं आबांना वाचून दाखवली. आता ते खोकतात, बॉयलर सुटला. मास्तर, ते लोक पोचतात. पारा कशाने तापला ते शेवटपर्यंत कळत नाही, नोकर सापडत नाही, सगळं खोटं आहे, आणि त्यांचे पाय चंद्राला लागले तेव्हा मी ते वाक्य पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. तेरा वर्षं मी त्याचीच वाट पाहत होते, हे तुम्हाला कळू नये असं मला वाटतं.

आबांनी डोळे मिटूनच विचारलं, “माय, परत येवाले कोयसा शे का?”

नाही, आबा, परतीचा कोळसा नाही, असं मी त्यांना सांगून टाकलं.