तिसरं कार्ड आणि खाडीचा वारा

मंगळवार, संध्याकाळ

तिसरं ग्राफिक्स कार्डही गेलं. गेम सुरू केला की स्क्रीन काळी. ड्रायव्हर बदलले, पॉवर सप्लाय बदलला, सगळं फुकट.

आज तारोडीहून सासरे आले. जन्मभर मासेमारी केलेला माणूस, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. कार्डावरचा हिरवट थर त्यांनी बोटाने पुसला आणि बोट चक्क जिभेला लावलं!

"खारं हाय. आमच्या इंजिनाच्या वायरींना पण असंच धरतं."

त्या हिरवट थराला मी धूळ समजत होतो? आणि कार्ड तापू नये म्हणून कॉम्प्युटर खाडीकडच्या खिडकीत ठेवला कोणी? मीच!

ते गेल्यावर खिडकी लावली. काचेवरून बोट फिरवून चाखलं.

खारट. सातव्या मजल्यावर.