नऊ तास चाळीस मिनिटं

प्रिय ताई,

पत्र बघून तुला हसू येईल. निबंधाच्या चार ओळींसाठी तुझ्यामागे भुणभुण करणारा मी, पानभर लिहायला बसलोय. मी बरा आहे. दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासतो. मालकांची नजर अधू झालीये, त्यामुळे नाजूक काम सगळं माझ्याकडेच येतं.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. त्या बुधवारी सकाळी तुझा फोन आला, तेव्हा मी मशीनपाशीच होतो. बाबांना दवाखान्यात हलवलंय, डॉक्टरांनी दोन-तीन दिवसच सांगितलेत, लगेच नीघ, असं तू म्हणालीस. मालकांनी माझा चेहरा बघितला, हातातली काच काढून घेतली आणि जा म्हणाले. म्हणजे रजेचीसुद्धा अडचण नव्हती. तासाभराने मी तुला उलटा फोन केला. सरळ विमान नाही, दोनदा बदलावं लागतं, तीस तास तरी मोडतात, आणि जागा शनिवारीच मिळतेय, असं सांगितलं. तू रडत रडत माझीच समजूत काढलीस.

ताई, सरळ विमान होतं. रोज दुपारी तीनला सुटायचं. साडेसात हजार किलोमीटर, नऊ तास चाळीस मिनिटं. जागाही होत्या, मी डोळ्यांनी बघितल्या. गुरुवारी सकाळी मी तुमच्यापाशी असतो, आणि बाबा शुक्रवार दुपारपर्यंत होते. मी भ्यालो, दुसरं काही नाही. आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्या उशाशी होतो. ते पुन्हा बघायची छाती झाली नाही. तू मात्र दोन्ही वेळा होतीस, आणि भीती तुलाही वाटलीच असेल.

तू बाबांच्या कानाला फोन लावलास, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दगदग करू नकोस. लांबचा पल्ला आहे." मी हो म्हणालो. नंतर त्याच सरळ विमानाने, छान झोप काढून मी आलो. तू "किती दमलास रे" म्हणत आंघोळीचं पाणी काढलंस, आणि मी दमल्यासारखा बसून राहिलो. मनात असतं तर वेळेत पोचला असतास, असं काका मला बोलले, तर माझी बाजू घेऊन तू त्यांच्याशी भांडलीस. अजून तुमचं बोलणं नाही. ते खरं तेच बोलत होते, ताई.

एवढ्या वर्षांनी हे आता का? काल भाचीचा फोन आला, तुला न सांगता. शुक्रवारी तुझ्या पोटातली गाठ काढणार आहेत म्हणे. मामाला कळवू का, विचारलं तर तू म्हणालीस, "नको. तीस तासांचा प्रवास, उगाच जिवाचं रान करेल." मी फोन ठेवला आणि उद्या दुपारचं तिकीट काढलं. हे पत्र पोस्टात टाकणार नाही. ऑपरेशन होऊन तू घरी आलीस की तुझ्या हातात देईन. तोवर इतक्या लवकर कसा आलास असं विचारलंस, तर मागाहून सांगतो म्हणेन. खोटं बोलणार नाही. काकांकडेही मीच जाईन. वाचून झालं की हाक मार. नाही मारलीस तरी मी बाहेरच्या खोलीतच आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझाच,
धाकटा