हामानाचे डबे

२६ फेब्रुवारी १९४०, सोमवार. नांदेड.
आजपासून रोजनिशी. कारण राग. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, वाकरूळकर, राग आला की बोलू नका, लिहा. डॉक्टर गाढव आहे. तरी लिहून पाहतो. रोज शेवटी रागाची नोंद.
राग: अजिबात नाही. डॉक्टर सोडून.

२८ फेब्रुवारी
शाळा छान चालली आहे. स्टेशनाजवळच्या क्वार्टरची एक खोली, आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, रेल्वेवाल्यांची अकरा पोरं, आणि हेडमास्तर मी, दाऊद शलोम वाकरूळकर. बायको सिम्हाबाई मराठी आणि हिशेब शिकवते. किरकोळ विषय. इब्रानी (हिब्रू), धर्म आणि डिसिप्लिन माझ्याकडे. पोरं आधी सरकारी शाळेत उर्दू शिकली, उजवीकडून वाचायची सवय, म्हणून इब्रानी पटापट उचलतात. श्रेय अर्थात माझं.
मंजुरी तेवढी बाकी. तालीमात, म्हणजे शिक्षण खात्याचे मोहतमीम (इन्स्पेक्टर) नासिर अली साहेब आपल्या पुरीमच्या सणाला शाळा बघायला येणार. पसंत पडली तर मंजुरी. नाही पडली तर रेल्वे खोली काढून घेणार, आणि मी अलिबागला सासऱ्यांच्या तेलघाण्यावर. सासरे शनिवारी घाणा बंद ठेवतात, तोंड नाही. मेलो तरी जाणार नाही.
राग: थोडा. तोही जुना.

३ मार्च, रविवार
काल शनिवार. शब्बाथला लिहायचं नसतं, म्हणून राग दिवसभर पोटात सांभाळला. आज दुप्पट झालाय.
कारण, होळी! आपले लोक पुरीमला ‘होळीचा सण’ म्हणतात. कोकणात वाडवडील म्हणायचे, मान्य. म्हणून आपणही म्हणायचं? अडाणी कुठले! वर्गात जाहीर केलं, पुरीम म्हणा, नाहीतर छडी. तेवढ्यात शेजारच्या चतुराबाईंनी दारातून विचारलं, मास्तर, आमची होळी बी तवाच हाय, मग गवऱ्या एकदमच आणू का? मी दार लावलं. दाराची कडी तुटली.
राग: एक कडी.

५ मार्च
पोरांना गोष्ट सांगितली. हामान हा इराणच्या बादशहाचा वजीर. सगळ्यांनी आपल्यापुढं वाकावं हा त्याचा हट्ट. आपला मर्दखय एकटा वाकेना. झालं, हामान पेटला आणि मर्दखयाची सगळी जमातच मारायला निघाला. राणी एस्तेरनं लोक वाचवले, आणि हामान स्वतःच उभारलेल्या फासावर लटकला. म्हणून पुरीमला ही गोष्ट वाचताना त्याचं नाव आलं की गोंगाट करून ते बुडवायचं.
मिल्का नावाची एक चोंबडी पोरगी आहे, गार्डची. म्हणाली, मास्तर, एक माणूस वाकला न्हाई तर येवढा राग? मी म्हणालो, उभी राहा. ती नीट उभी राहिली नाही. रागीट माणसाचं कधी भलं होत नाही, हे तिला ओरडून समजावलं. घसा बसला.
राग: शैक्षणिक.

८ मार्च
खाजा पत्रेवाल्यानं डबे करून दिले. आत खडे. हेच वाजवायचे. रिहर्सल भिकार. पोरं ‘हामान’ ऐकतात, विचार करतात, मग वाजवतात. नवा नियम केला: हामान कानावर पडला की विचार करायचा नाही, वाजवायचं. मी थांबा म्हटलं तरी थांबायचं नाही, ती परीक्षा असेल. उशीर झाला तर छडी.
दुपारपर्यंत फार प्रगती. विचार पूर्ण बंद.
राग: नाही. अभिमान.

१२ मार्च
भर वर्गात मागच्या गल्लीतल्या कमरुन्निसाबी आल्या. घर को मेहमानां आये, जरा शक्कर देव, एवढंच म्हणाल्या. पोरांनी असे डबे वाजवले की बाई साखर न घेताच पळाल्या. मिल्का काही तरी सांगायला उठली, मास्तर, त्येंनी नाव घेतलं की! मी म्हटलं, बस खाली, सबबी नकोत. पोरं हल्ली सतर्क झाली आहेत, एवढं मला पुरे.
राग: साखरेपुरता. शेजारी उठसूट मागतात.

१५ मार्च
खात्याकडून विचारणा, सर्टिफिकेट कोणाकडे आहे? सिम्हाबाई व्हर्नाक्युलर फायनल पास. मी एका विषयात राहिलो, कारण परीक्षकाचं आणि माझं पटलं नाही. लातूरच्या एका शाळेनंही हेच कारण काढून मला घेतलं नव्हतं. लातूरचं नुकसान. घोकंपट्टीच्या कागदापेक्षा व्यक्तिमत्त्व मोठं, हे साहेबांना माझ्या भाषणातून कळेल. भाषण उर्दूत. पोरांसमोर रिहर्सल नाही, सरप्राइज.
राग: परीक्षकाचा. तो वारला, तरी.

२० मार्च
न्हाणीघरात भाषण पाठ करून राहिलोय. (शी! इथल्या लोकांची भाषा लागली.) खास लखनवी उच्चार बसवलाय. मेहमान असं सपाट म्हणायचं नाही. मे-हाऽमान! शब्दाला कसं वजन येतं.
सिम्हाबाई बाहेरून म्हणाली, अहो, त्यापेक्षा पाव्हणे म्हणा ना. मी म्हटलं, मोहतमीम साहेबांना पाव्हणे? ते काय बैलगाडीतून येणार आहेत? ती म्हणाली, अहो, पोरं डबे... मी पुढचं ऐकलं नाही. तिला माझं उर्दू खुपतं. तांब्या आपटला, त्याला पोचा आला. खाजाकडे टाकायला हवा.
संकल्प: पुरीम होईपर्यंत एकदाही रागावणार नाही.
राग: तांब्यापुरता.

२४ मार्च, पुरीम. रात्र.
साहेब नायगावच्या दौऱ्यावरून थेट आले. पांढरी शेरवानी. पोरांनी इब्रानी सुरेख वाचलं, हामानाला डबे बरोबर वाजले. साहेब खूश. चहा आला. मी उठलो.
मोअज्जज मे-हाऽमान, म्हणालो. डबे.
हसून घेतलं. पुन्हा म्हणालो, हमारे मे-हाऽमाने-खुसूसी. डबे, आणि वर पाय आपटणं. साहेबांचा चहा शेरवानीवर. मी पोरांवर खेकसलो, मूर्खांनो, मी हामान म्हणालो का? डबे! थांबा म्हणालो. थांबेनात. नियम माझाच. छडी उगारली, टेबलावर मूठ मारली, तिथं ठेवलेला स्वागताचा हार साहेबांच्या पायात पडला. सिम्हाबाईनं नुसता हात वर केला. खोली गप्प. असं कसं, ते नंतर बघू.
तिनं साहेबांची माफी मागून गोष्ट समजावली, मेहमान आणि हामान. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग पोरांना विचारलं, हामान को पहचानना कैसे? मिल्का उठली. म्हणाली, कुणी वाकलं न्हाई की जो भडकतो, तो.
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. छडी अजून वरच होती.
राग: उद्या लिहीन. हात दुखतोय.

२९ मार्च
मंजुरी आली. शाळा वाचली. हेडमास्तरीण सिम्हाबाई. सर्टिफिकेट! मला घंटा, पाणी आणि देखरेख. घाण्यावर जावं लागणार नाही, सिम्हाबाईनं साहेबांकडे शब्द टाकला म्हणे. मी काही सांगितलं नव्हतं तिला. दुपारभर चरफडलो, मग घागर उचलली.
तात्पुरती व्यवस्था आहे. खातं लवकरच चूक सुधारेल. तोवर शांत राहायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही.

३१ मार्च, रविवार
सकाळी घागर घेऊन वर्गावर गेलो. खरंच रागावलो नव्हतो. तोंडातून शब्द काढला नाही. पोरांनीही कुणाचं नाव घेतलं नाही. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि अकराच्या अकरा डबे वाजले.
सिम्हाबाईनं हात वर केला नाही.