यंदाची विभूती

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग,
ता. ९ मार्च १९७३

ती. सौ. काशम्माअक्काचे सेवेशी,
धाकट्या सोमलिंगाचा सा. न. वि. वि.

आम्ही इकडे सगळे धडधाकट आहोत, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू स्वस्थ बसून वाचशील.

परवा बुधवारी दुपारी गावाच्या राखीव कुरणाला आग लागली. यंदा पीक नाही म्हणून गावानं असेल नसेल तो कडबा एकत्र करून कुरणाच्या कडेला अकरा गंजी रचल्या आहेत. त्यांना लागूनच गुरांची छावणी आहे. तीनशेवर जनावरं दावणीला होती. सगळं एका जागी असलं की राखायला सोपं, असं आम्हाला वाटलं होतं. जळायलाही सोपं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. वारा सुटलेला आणि गवत असं वाळलेलं, की नुसता पाय पडला तरी चुरा व्हावा.

विझवायला पाणी कुठलं आणायचं? विहिरीत पोहरा सोडला तर खाली दगडावर वाजतो. मी छावणीत दावी सोडत होतो आणि तोंडानं देवाचं नाव घेत होतो. तेवढ्यात पाझर तलावाच्या दुष्काळी कामावरच्या बायका धावत आल्या. त्यांची मुकादमीण रंभाबाई पदर खोचून पुढं झाली आणि म्हणाली, पाणी न्हाय तर न्हाय, माती तर ढिगानं हाय की. कामावर ज्या रांगेनं त्या हातोहात पाट्या देतात, तीच रांग त्यांनी तलावापासून कुरणापर्यंत धरली. दीडशे माणूस असेल. गड्यांनी कुदळी-फावड्यांनी गंजींच्या पुढचं गवत खरवडून बैलगाडीच्या रुंदीचा नागवा पट्टा काढला. उरलेली आग आम्ही लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपली. दोन गंजी गेल्या, नऊ राहिल्या. माणूस एकही दगावला नाही. एक कालवड पाठीवर भाजली आहे, तिला करंजाचं तेल लावतो. ती आता हात चाटू लागली आहे.

सोलापूरहून बंब आला तोवर सगळं विझलं होतं. रंभाबाईनं ड्रायव्हरला गाठलं आणि एवढं पाणी आणलंत ते माघारी न्यायला का, म्हणून विचारलं. माणूस भला. सगळं पाणी त्यानं जनावरांच्या हौदात सोडलं. आगीच्या दिवशी आमची गुरं पोटभर पाणी प्याली, हे मी कधी विसरणार नाही.

भीमा रखवालदाराच्या विडीनं आग लागली, असं लोक म्हणतात. तो शपथा घेतो. सोमवारी, एकोणीस तारखेला, चावडीवर बैठक आहे. त्याची रखवाली काढून घ्यायची आणि त्याच्या दोन म्हशींचा कडब्याचा वाटा बंद करायचा, असं बोललं जातं.

घरातली विभूती संपली आहे. दाजींना सांगून तिकडची थोडी पाठव. दाजींना नमस्कार. तुझा लोभ आहे, तो या उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.

तुझा,
सोमलिंग


॥ श्री ॥

अकलूज,
ता. १४ मार्च १९७३

चि. तम्मा सोमलिंगास काशम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी देवापुढं दिवा लावला. मग वाटलं, आगीचं वाचून दिवा काय लावते मी, म्हणून माझं मलाच हसू आलं. तुझे दाजी म्हणाले, सोमलिंगाला हाताला चटका लागला असता तर त्यानं एवढं वळणदार अक्षर काढलं नसतं. चन्नम्मा त्या रांगेत होती का नव्हती, ते तू लिहिलंच नाहीस. होतीच असणार. बायकोचं नाव कागदावर घालायला पन्नाशीला आलास तरी लाजतोस.

आता दुसरं लिहिते. तू बंबाच्या ड्रायव्हरचं लिहिलंस, कालवडीच्या पाठीचं लिहिलंस. आग कुठून लागली याची मात्र एक ओळ नाही. भीमाचं लिहिलंस ते लोक म्हणतात म्हणून. तू काय म्हणतोस?

आपले अप्पा गेल्यापासून बावीस वर्षं शिवरात्रीनंतर तुझ्या हातच्या विभूतीची पुरचुंडी मला येते. यंदा आली नाही. उलट मलाच मागतोस. साऱ्या गावाला विभूती पुरवतो त्याच्या घरची विभूती शिवरात्रीच्या आठवड्यातच कशी संपली, तम्मा?

विभूतीसाठी शेणाचे गोळे भुसाच्या ढिगात पाच-पाच दिवस धुमसतात, हे मला शिकवू नकोस. अप्पांबरोबर त्या भट्टीवर राखणीला मीच बसत होते, तू तेव्हा शेंबडा होतास. ढीग पेटवला की अप्पा वरून शेणामातीचा ओला लेप द्यायचे आणि लेप वाळून भेगाळला की पुन्हा द्यायचे. तुझी भट्टी कुरणाच्या वरच्या अंगालाच असते. यंदा लेपाला पाणी होतं का?

मी विभूती पाठवत नाही. तुझ्या मनात काही नसेल तर अक्का म्हातारपणी वेडी झाली म्हण आणि सोडून दे. असेल तर हे पत्र सोमवारच्या आत पोचावं म्हणून आजच टाकते आहे. भीमाच्या म्हशींचं तोंड बंद करून तुला आपल्या गाईला कडबा घालवणार नाही, एवढं मी तुला ओळखते.

चन्नम्माला जप. माझा जीव तुम्हा दोघांत आहे, हे वेगळं लिहीत नाही.

तुझी,
अक्का


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

वळसंग,
ता. २० मार्च १९७३

ती. सौ. अक्काचे सेवेशी,
सोमलिंगाचा सा. न. वि. वि.

पत्र शनिवारी पोचलं. चन्नम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अक्कांनी लिहिलं ते बरं केलं, मी दहा दिवस तुमच्या मोकळ्या कपाळाकडं बघतेय. रांगेत ती होती. तिच्या लुगड्याचा काठ जळाला आहे.

लेपाला पाणी होतं, अक्का. दोन घागरी होत्या. त्या मी गाईला पाजल्या. देवाचं काम आहे, देव राखील, असं म्हणून ढीग तसाच उघडा ठेवला. बुधवारी माझ्या डोळ्यांदेखत वाऱ्यानं त्याचा माथा उडवला. मी धावलो, पण निखारे माझ्यापुढं धावत होते. संध्याकाळी लोकांनी भीमाचं नाव घेतलं तेव्हा मी गप्प बसलो. उद्या बोलू म्हणत बारा दिवस गेले. पूजेला बसायचो, पण विभूतीला हात जाईना. दुसऱ्याच्या हातची तरी लावता येईल, म्हणून तुझ्याकडं मागितली.

सोमवारी चावडीवर ईरप्पा पाटलांनी भीमाला पुढं बोलावलं, तेव्हा मी उठलो. भट्टी माझी, लेप दिला नाही तो मी, आणि गप्प बसलो तोही मीच, एवढं सांगितलं.

पहिला भीमा बोलला. म्हणाला, अण्णा, लई उशीर केलासा. बारा दिस भ्यापायी म्या विडीला हात लावला न्हाय, तेवढ्या विड्या तुमी आता मला देणं लागता. सगळी चावडी हसली. भीमा मात्र हसला नाही. माझी बायको बारा दिस खाली मान घालून कामावर जात हुती, असंही तो म्हणाला. मी हात जोडले. अजूनही ते आठवलं की हात जुळतात.

मग मागून रंभाबाई बोलली. कामावर जाता-येता त्यो धूर आमी समद्यांनीच बघितला, म्हणाली, देवाचा धूर म्हणून हात जोडलं आन् म्होरं गेलो. एक पाटी माती टाकावी असं कुणालाबी सुचलं न्हाय. पाटलांनी मान हलवली. आपणही हात जोडले होते, म्हणाले.

भीमाची रखवाली आणि म्हशींचा वाटा कायम झाला. माझ्या वाट्याचा निम्मा कडबा मी जळालेल्या दोन गंजींच्या भरपाईला गावाला सोडला. नऊ गंजी आता साठ-साठ पावलांवर हलवल्या आहेत, मधलं गवत खरवडलं आहे आणि प्रत्येक गंजीपाशी मातीचा ढीग घातला आहे. पाऊस पडेपर्यंत दिवसाची राखण भीमाबरोबर मीही करायची. पुढच्या शिवरात्रीला भट्टी लावू नये असं मीच म्हणालो होतो. ते कुणी ऐकलं नाही. तलावाच्या खड्ड्यात लावायची आणि वरच्या काठावर रंभाबाईनं पाट्या भरून बसायचं, असं ठरलं.

आज सकाळी मी राखणीला निघालो तर भीमा माझ्या आधीच भट्टीच्या जागी फावडं घेऊन बसलेला. आगीच्या दिवशी बायकांनी त्या ढिगावरही माती लोटली होती. खालचे गोळे त्या मातीत गपगार भाजून पांढरेशुभ्र निघाले. इतके पांढरे मला बावीस वर्षांत साधले नव्हते. त्यातला एक त्यानं तळहातावर चुरला, स्वतःच्या कपाळाला तीन बोटं ओढली आणि हात माझ्यापुढं धरला. म्हणाला, लावा की अण्णा, आता दोघंबी सारखंच दिसू.

मी लावली, अक्का.

सोबत पुरचुंडी पाठवतो आहे. यंदाची विभूती जरा खरखरीत लागेल. दोनदा वस्त्रगाळ केली तरी बायकांनी टाकलेली माती पुरती गेली नाही. तशीच लाव. दाजींनाही लाव आणि मला रागावायचं राहिलं असेल तर पुढच्या पत्री रागाव, पण पत्र लिही.

तुझा तम्मा,
सोमलिंग